फाटकाअलीकडचे माळरान

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर आले आणि तिथून उतरून टेबलाच्या कडेशी थांबले. त्याला कसलीच घाई नव्हती. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यातून ते आरपार गेले आणि भिंतीवर एक थरथरता, पिवळसर गोल उमटला. मग ते जमिनीवर पसरले, गुंडाळलेल्या गादीच्या टोकाला शिवले, खुर्चीच्या एका पायावरून वर चढले आणि शेवटी टीव्हीखालच्या फळीवर पोहोचले. तिथे कन्सोल सात महिने तसेच पडून होते. एरवी त्याच्यावरची धूळ दिसत नसे. या पंधरा-वीस मिनिटांपुरती दिसायची आणि ऊन सरकले की पुन्हा नाहीशी व्हायची. धाकट्याने ओले फडके एकदा फिरवले, तेव्हा काळ्या प्लास्टिकवर एक स्वच्छ पट्टा उमटला आणि त्यात उन्हाचा तुकडा लकाकला.

पलंगाच्या कडेवर बसून दादा पाहत होता.

“बांधतोयस?”

“वर ठेवतो माळ्यावर. फळी उगाच अडकलीय.”

“दोन्ही कंट्रोलर एकाच डब्यात घाल. वेगळे पडले की एक हरवतो.”

धाकट्याने दोन्ही कंट्रोलर एकाच डब्यात घातले. दादाच्या कंट्रोलरचे अंगठ्याखालचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. त्याचे स्वतःचे अजून खरखरीत होते. वीस वर्षे यार्डातली क्रेन चालवलेल्या माणसाशी खेळायचे म्हणजे हरायचेच, हे त्याने लहानपणीच मान्य केले होते. दादा दिवसभर दोन दांडे हातात धरून कंटेनर उचलायचा, आणि घरी आल्यावर विश्रांती म्हणून पुन्हा दोन दांडे हातात घ्यायचा. “तू बटणं दाबतोस,” तो म्हणायचा, “बटणं दाबायची नसतात, त्यांच्यावर हात ठेवायचा असतो.”

आता त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असे, कोणीतरी क्षणभर धरायला दिलेला आणि परत न्यायला विसरलेला असावा तसा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. बोलणे परत आले, जरा संथ आणि शब्दांत फट ठेवून, चालणेही आले. हात आला नाही.

“मग मी काय करायचं दिवसभर?” दादाने विचारले. त्यात तक्रार नव्हती. पुढचा कंटेनर कुठे ठेवायचा, हे विचारावे तसे विचारले.

“आज आणतो काहीतरी.”

ते ‘काहीतरी’ आणल्याशिवाय धाकट्याला घरातून निघता येणार नव्हते. दुसऱ्या शहरातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली होती. त्याने रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलून घेतली होती, आणि तिसऱ्या पत्रात त्यांनी सभ्य भाषेत लिहिले होते की पहिल्या तारखेला यावे, अन्यथा यायची तसदी घेऊ नये. पहिल्या तारखेला सव्वीस दिवस होते. दादा एकटा राहू शकतो, हे तोवर सिद्ध व्हायला हवे होते. कोणापुढे सिद्ध व्हायचे, हे मात्र त्याने स्वतःला विचारले नव्हते.

दुकान तळघरात होते. जुने संगणक दुरुस्त करून विकणारी पन्नाशीची एक बाई तिथे एकटीच बसे. चष्मा कपाळावर, तोंडात स्क्रू, आणि समोर पोट उघडलेला एक संगणक. धाकट्याकडे तिने मान वर न करता, नुसते डोळे उचलून पाहिले.

“कन्सोलवाले ना?”

“कसं ओळखलंत?”

“अंगठे बघा स्वतःचे. वळवळतायत. पायऱ्या उतरतानाच कळतं मला.” तिने तोंडातला स्क्रू काढून झाकणात ठेवला. “बोला. संगणक हवा, का गेम, का नुसतंच मन मोकळं करायचंय? तिन्हीसाठी येतात लोक.”

“दोन्ही. म्हणजे पहिले दोन.” तो कानापर्यंत लाल झाला. “भूमिका घेऊन खेळतात ना, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं... तसला. माझ्या मोठ्या भावासाठी. त्याचा उजवा हात चालत नाही.”

“डावा?”

“डावा उत्तम आहे.”

बाईने हळहळ व्यक्त केली नाही. त्याबद्दल तो मनातून तिचा ऋणी झाला. तिने उठून कोपऱ्यातला संगणक सुरू केला.

“एक सांगून ठेवते, नंतर तोंड पाडून येऊ नका. कन्सोलवर कसं, लावला की पळत सुटायचं. इथे तासभर नुसतं तुम्ही कोण ते ठरवायचं. अंगात बळ किती, अक्कल किती, जीभ किती गोड. लोक वैतागतात. लग्न जमवतोय का गेम खेळतोय, म्हणतात.”

तिने तीन गेम दाखवले. पहिल्यात डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माऊसवर लागत होता. तलवार उपसेपर्यंत समोरचा वार करून मोकळा झालेला असे. दुसऱ्यात खेळ हवा तेव्हा थांबवता येत होता, पण सहा सोबती एकदम सांभाळायचे होते. धाकट्याने आपला उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने माऊस धरून प्रत्येक गेम खेळून पाहिला. बाण चुकत होते, सोबती भरकटत होते. बाई शेजारी उभी राहून त्याच्या खिशाकडे पाहत होती.

“तो हात खिशातच ठेवा,” ती म्हणाली. “चांगली परीक्षा आहे. आता हा बघा.”

तिसऱ्या गेमचे नाव होते ‘सात खिंडी’. त्यात पाळीपाळीने लढायचे होते. आपली पाळी आली की जग थांबायचे. आपण हात उचलेपर्यंत, चहा पिऊन येईपर्यंत, वाटले तर दुसऱ्या दिवसापर्यंत लांडगा उडीच्या पवित्र्यात हवेत थांबून राहायचा. धाकट्याने एका हाताने तीन लांडगे मारले. माळरान होते, उंच गवत, मागे एक गाव आणि गावाच्या टोकाला लाकडी फाटक. त्याला वाटले, इथे कोणी दादाला घाई करणार नाही.

“हाच.”

“थांबा जरा.” बाईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “यात लढाई तोंडी लावण्यापुरती. बाकी सगळं वाचन. लोक बोलतात ते वाचायचं आणि समोर तीन उत्तरं येतात त्यातलं निवडायचं. उत्तरांचा क्रमही दर वेळी बदलतो, ठोकून दाबत सुटलात तर जन्मभर पहिल्या गावात. कादंबरीच आहे म्हणा ना. वाचायचा कंटाळा नाही ना त्यांना?”

धाकटा पडद्याकडे पाहत राहिला. लांडगा हवेत होता.

“पेपर घेऊन बसतो की रोज सकाळी,” तो म्हणाला.

यात काही खोटे नव्हते. दादा रोज सकाळी पेपर घेऊन बसायचा.

मांडामांड करायला एक रविवार गेला. माऊस डावीकडे आला, खुर्चीला उशी आली. दादाने आपला माणूस घडवला. म्हणजे धाकट्याने विचारले आणि त्याने सांगितले. बळ भरपूर. अक्कल बेताची. “माझ्याएवढीच दे, जास्त झाली तर मला झेपायची नाही.” केस पांढरे. नाव काय ठेवायचे, तर क्रेनचा नंबर. सहाशे सत्तेचाळीस.

“माणसाचं नाव आहे रे दादा!”

“क्रेनला कुठे वाईट वाटतंय?”

पुष्कळ दिवसांनी दोघे हसले. धाकट्याने शेजारी बसून त्याला लांडगे दाखवले, पाळी कशी येते ते दाखवले. किती इजा झाली, किती बळ उरले, याचे आकडे पडद्यावर उमटत आणि विरत. दादा ते लगेच टिपायचा. गावातल्या बायाबापड्यांचे बोलणे पडद्यावर आले की धाकटाच ते मोठ्याने वाचे, जोडीने खेळताना वाचतात तसे. तासाभराने दादा म्हणाला, “आता जा तू. तू बसलास की मला क्रेनवर साहेब आल्यासारखं वाटतं.”

त्यानंतर रोज संध्याकाळी जेवताना दादा कुठवर पोहोचला ते सांगू लागला. आधी दोन वाक्ये, मग चार. फाटकाबाहेर पडलो. पुढे नदी आहे. नदीवर एक आंधळा नावाडी आहे, तो पाण्याच्या आवाजावरून वाट काढतो. त्याला मुलगी होती, ती पलीकडच्या काठाला राहिली. दादा शब्दांमध्ये फट ठेवून बोलायचा, आणि त्या फटीत धाकट्याचा घास हातातच राहायचा.

“मग? उतरवलं त्यानं?”

“उद्या. आज त्याच्या मनात नव्हतं.”

सात महिन्यांत दादा एवढे बोलला नव्हता. धाकट्याने प्रयोगशाळेला कळवून टाकले की पहिल्या तारखेला येतो. रात्री त्याला गाढ झोप लागू लागली.

दुपारी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी एकदा पोळ्या लाटता लाटता हसत सांगितले, “तुमचे दादा लबाड हो. पेपर माझ्याकडून वाचून घेतात. म्हणे, मावशी, तुमचा आवाज रेडिओसारखा आहे. मी सातवी नापास, आणि मला म्हणे रेडिओ!”

“लाडावलाय तो,” धाकटा म्हणाला. “चष्मा बदलून देतो पुन्हा.”

“बदलला ना गेल्या महिन्यात?”

“नंबर नीट बसला नसेल.”

मावशींनी पोळी उलटली. चष्मा दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा चष्मेवाल्याने डोळे तपासून सांगितले होते की डोळ्यांना काही झालेले नाही. त्याही आधी, रुग्णालयातून घरी सोडायच्या दिवशी, बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दादाच्या हातात एक कागद ठेवून वाचायला सांगितले होते. दादा म्हणाला होता, चष्मा घरी राहिला. बाईंनी दादाकडे पाहिले, मग धाकट्याकडे, आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. धाकट्याने पहिली ओळ जिन्यात वाचली. ती हाताच्या व्यायामाची होती. चिठ्ठी त्याने दुमडून चष्म्याच्या डबीत, मखमली कापडाच्या खाली ठेवली.

जायच्या दिवशी ऊन रोजच्यासारखेच आले. गज, टेबल, पेला, भिंतीवरचा गोल. बॅग दाराशी उभी होती आणि गाडी नऊला यायची होती. धाकट्याने आदल्या संध्याकाळी एक मोठा कागद लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता. कोणती गोळी कधी, पांढऱ्या डबीतली जेवणाआधी, तांबडी कधीही दोनदा घ्यायची नाही, चक्कर आली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा. अक्षरे बोटाएवढी मोठी काढली होती. दादा त्या कागदापुढे उभा राहिला होता, असा कागद वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ.

“छान लिहिलंयस,” तो म्हणाला होता. “अक्षर आईवर गेलंय.”

आता दादा आंघोळीला गेला होता. आतून तांब्याचा आवाज येत होता. डाव्या हाताने ओतलेले पाणी निम्मे अंगाऐवजी जमिनीवर पडते, तसा. धाकटा सहज संगणकापुढे बसला. जायच्या आधी तो नावाडी एकदा बघून घ्यावा, एवढेच त्याच्या मनात होते. प्रवासात दादाशी फोनवर बोलायला काहीतरी सामाईक असलेले बरे.

त्याने शेवटचा सेव्ह, म्हणजे दादाने खेळ जिथवर जपून ठेवला होता ती जागा, उघडली. माळरान आले. उंच गवत, मागे गाव, टोकाला लाकडी फाटक.

चुकून जुना सेव्ह उघडला असेल, असे वाटून त्याने यादी पाहिली. एकेचाळीस सेव्ह होते आणि प्रत्येकाशेजारी एक छोटे चित्र होते. एकेचाळीस चित्रांत तेच गवत होते.

त्याने सहाशे सत्तेचाळीसची माहिती उघडली. एकूण खेळ अठ्ठावन्न तास. लेव्हल चौदा. दुकानातल्या बाईने सांगितले होते की सातवी खिंड ओलांडताना माणूस जेमतेम अठराव्या लेव्हलला पोहोचलेला असतो. म्हणजे पांढऱ्या केसांच्या या माणसाने पहिल्या माळरानावर शेकडो लांडगे मारले होते, हजारही असतील. एकेक करून, रोज, पाळीपाळीने. तो आता इतका बलवान होता की लांडगे त्याला पाहून उडीच घेत नव्हते. खेळातल्या वहीत एकच काम लिहिलेले होते, पहिल्या रविवारपासून तसेच: फाटकावरच्या चौकीदाराशी बोल आणि बाहेर पड.

धाकट्याने त्याला गवतातून चालवत फाटकाशी नेले. चौकीदाराने विचारले, तुला कोणी पाठवले? खाली तीन ओळी उमटल्या. धाकट्याला उत्तर माहीत होते. विहीर आटलेल्या बाईने गावात शिरताच सांगितले होते, फाटकावर माझे नाव सांग. त्या रविवारी त्यानेच ते वाचून दाखवले होते आणि मग तो उठून गेला होता. उत्तराची ओळ समोर होती. मूल ओळखेल इतकी सोपी होती.

त्याने त्या तीन ओळींकडे न वाचता पाहण्याचा प्रयत्न केला. दुकानात हात खिशात घातला होता, तसे काहीतरी. नुसत्या काळ्या रेघा, नुसती वळणे. जमेना. नजर पडली की शब्द आपोआप उभा राहत होता. हात खिशात घालता येतो. हे कुठे घालावे ते त्याला कळेना.

तांब्याचा आवाज थांबला. दादा टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला. ओले केस एकाच बाजूने पुसलेले होते. त्याने पडदा पाहिला, मग धाकट्याला पाहिले, आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसला.

“गाडी येईल तुझी.”

“आहे वेळ.” धाकट्याने खुर्ची त्याच्याकडे वळवली. “नावाडी कुठे भेटला रे तुला?”

“नदीवर.”

“उतरवलं का त्यानं?”

दादा थोडा थांबला. ती नेहमीचीच फट होती.

“काल उतरवलं. मुलगी नव्हती तिथे. पण त्याला सांगितलं नाही मी.” त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “सांगितलं असतं तर तो परत कसा गेला असता? नाव सोडून तिथेच बसला असता.”

ऊन टीव्हीखालच्या रिकाम्या फळीवर पोहोचले होते. तिथे धूळ नव्हती, म्हणून काहीच दिसत नव्हते.

“दादा,” धाकटा म्हणाला, “हा चौकीदार विचारतोय, कोणी पाठवलं. यातली कुठली दाबू?”

दादाने मान पुढे केली. डोळे बारीक केले. पहिल्या ओळीवरून नजर फिरली, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून, तीन ओळी वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ.

“मधली.”

मधल्या ओळीत लिहिले होते: मला कोणीच पाठवले नाही. मी माघारी जातो.

“नक्की?”

“मधलीच. दाब.”

धाकट्याने ती दाबली. सहाशे सत्तेचाळीस वळला, फाटकाकडे पाठ करून गवतात चालत गेला, आणि तिथे जाऊन उभा राहिला.

“बघ,” दादा म्हणाला, “उघडलं ना?” पडद्यावर काय झाले ते त्याला दिसत होते, तरी तो हसून धाकट्याकडेच पाहत होता. “जा आता. मी नीट आहे.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला, एकदा आखूड, मग जरा लांब. दाराशी बॅग होती, आणि तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारावर बोटाएवढ्या अक्षरांचा कागद. धाकटा उठला, पण बॅगेकडे गेला नाही. त्याने टेबलावरची चष्म्याची डबी उघडली, मखमली कापड बाजूला केले आणि चिठ्ठीची दुसरी ओळ आठ महिन्यांनी वाचली.

रक्ताच्या त्या गाठीनंतर दादाला वाचता येत नव्हते.